आणखी एक पेशंट

तनुजा लातूरला दातांची डॉक्टर होती. दिवसभर दवाखान्यात गर्दी, शनिवारी शाळांमधून लेकरांना दात घासायला शिकवणं. मुदखेडला आईला फोन व्हायचा तोही दोन पेशंटच्या मधे.

"मिसरी लावायची सोडलीस का?"

"सोडीन की."

दिवाळीत आई राहायला आली. जेवताना ती भाकर दुधात कुस्करून खाऊ लागली, भाजीला हातच लावेना.

"तिखट झोंबून राहिलंय," ती म्हणाली.

तनुजानं तिला तशीच दवाखान्यात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि दिवा खाली ओढला. आईचं तोंड दोन बोटांपुरतंच उघडलं. मिसरी धरून ठेवायची त्या गालाला आतून मोठी जखम होती. हा कॅन्सर होता, आणि बराच पसरला होता.

"आई, हे कितीतरी महिन्यांचं आहे. मला दाखवलं का नाहीस?"

आईनं पदरानं ओठ टिपले.

"दाखवायलाच आलते की उन्हाळ्यात. बाहेर बाकड्यावर बसले व्हते. दार उघडलं की तू दिसायचीस, लई दमलेली. म्हणलं, लेकीला आणखी एक पेशंट कशाला? तशीच माघारी गेले."