धूर कुठून येतोय

शेवटचा नट काही केल्या हलेना. तात्या गाडीखाली उताणे पडले होते आणि गंजाची पूड थेट त्यांच्या नाकावर गळत होती.

"उजेड इकडे धर. मला नट बघायचाय, तुझी चप्पल नाही."

"धरलाय की. टॉर्चच दमलाय, तुमच्यासारखा," बायको म्हणाली आणि तिने टॉर्चच्या पाठीत एक धपाटा घातला. टॉर्च दचकून उजळला.

नवा टॉर्च घरात होता. खोक्यासकट, कपाटात. त्या कपाटात कोऱ्या चादरी, पाहुण्यांचे कप आणि तात्यांचा वाढदिवसाचा शर्ट सुखाने नांदत होते, आणि घर भोकं पडलेल्या टॉवेलने अंग पुसत होतं. जुनं चालतंय तोवर नव्याला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. त्यावर भांडणं तात्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

मुलगा फाटकाला टेकून उभा होता. हाताची घडी, चेहरा बंद. एरवी तो या दोघांच्या बोलण्यावर हसला असता. पण गेल्या रविवारी तात्यांची नात मागच्या सीटवर झोपली, ती घर आलं तरी उठेना. बाहेर मोकळ्या हवेत आणलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले आणि भडाभडा ओकली. डॉक्टर म्हणाले, गाडीत धूर शिरतोय. थोडा उशीर झाला असता तर... पुढचं त्यांनीही सांगितलं नाही.

धूर इंजिनापाशी, पाइपच्या जोडातून येत होता. आणि त्या जोडाचं सील, दोन पाइपांमध्ये बसणारं धातूचं कडं, तात्यांनीच नुकतं बदललं होतं. हयातभर डिझेलच्या गाड्या दुरुस्त केलेल्या हातांनी.

"नवं सील इतक्यात जात नाही, तात्या," मुलगा म्हणाला. "एक तर ते खराब निघालं. नाहीतर..."

तेवढ्यावरच तो थांबला. उरलेलं सगळ्यांना पाठ होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. दूध उतू जाऊन करपलं, तरी तात्या शेजारी पेपर वाचत बसले होते. सून आता नातीला त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातही धाडत नव्हती.

"खराब निघालं असेल तर मी परत हा विषय काढणार नाही. नाहीतर किल्ली माझ्याकडे. आणि छोटीला तुमच्याबरोबर एकटं सोडणं बंद. कबूल?"

"कबूल," गाडीखालून आवाज आला.

नट सुटला. पाइप खाली लोंबला. तात्यांनी हातमोजा काढला आणि बोटांनी सील चाचपलं. तडा असू दे, ते मनात म्हणत होते. एवढासा तडा असू दे.

तडा नव्हता. ते सरपटत बाहेर आले आणि त्यांनी सील उन्हात धरलं. कडं कसं लखलखीत होतं. पण त्याची कड दबून पार चपटी झाली होती, आणि खाचेत काजळी कधीची घट्ट बसलेली होती. हे सील एकदाच दबतं. एकदा आवळून सोडवलं की ते मेलं; परत बसवलं तर धूर हसत हसत वाट काढतो. हे तात्यांनी किती पोरांना शिकवलं होतं.

"हे जुनंच आहे," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तुम्ही जुनं काढलंत आणि तेच परत बसवलंत."

तात्या आठवू लागले. आपण खालून हात पुढे केला, 'नवं सील' म्हटलं, हातात कडं आलं. इतकी वर्षं असंच चाललं होतं. नाव घ्यायचं, वस्तू हातात. वळून बघायची वेळ कधी आली नाही. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. पण चष्मा डोळ्यांवर असल्याचंही त्या दिवशी लख्खच आठवत होतं.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या तळहातावर ठेवली. "छोटीला सांग..." ते म्हणाले.

टॉर्च विझला. या वेळी कोणी धपाटा घातला नाही. बायकोने ते सील उचलून उलटंसुलटं पाहिलं आणि ती घरात गेली. तिला हे बघवत नसणार, तात्यांना वाटलं.

आतून कपाटाचं दार करकरलं.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक पाकीट होतं. वरची चिकटपट्टीही निघालेली नव्हती. आत कोरं सील.

"तुम्ही जोड साफ करत होतात तेव्हा मी जुनं घासायला घेतलं, तारेच्या घासणीने," ती खाली बघत म्हणाली. "इतकं छान निघालं. म्हटलं, चालतंय की अजून. तुम्ही हात पुढे केलात, मी तेच दिलं. नवं ठेवून दिलं... लागेल कधीतरी." तिला रडू फुटलं. "आपली छोटी, अहो."

मुलगा आईकडे बघत राहिला. मग तात्यांकडे. तात्या मात्र दिसेनासे झाले होते. ते पुन्हा गाडीखाली सरकले होते. थोड्या वेळाने तिथून त्यांचा हात बाहेर आला, नेहमीसारखा, उघडा.

मुलाने वाकून त्या हातावर किल्ली ठेवली.

बोटं क्षणभर थांबली. "हे नव्हे," आवाज आला. "आईकडून सील घे. आणि तिला म्हणावं, डोळे पूस, आणि आत जाऊन तो नवा टॉर्च आण. खोकं फाडून."