अप्पा ऑपेरा बघतात

"आपली गायकी सोडून ते किंचाळणं शिकायला जाणार असशील, तर आम्हाला मेलीस तू!" असं म्हणून जयतीर्थअप्पांनी वेदश्रीला हुबळीच्या घरातून बाहेर काढलं, त्याला बारा वर्षं झाली. पोरीने व्हिएन्ना, मिलान, लंडन गाजवलं. अप्पांनी तिचं नावसुद्धा काढलं नाही.

या महिन्यात मात्र ते रोज सकाळी मोबाइलवर तिचा ऑपेरा बघू लागले. हेमावतीचा ऊर भरून आला. तिने लेकीला फोन केला, "अप्पांचा राग गेला गं, ये तू!" वेदश्रीने लगेच तिकीट काढलं.

हेमावती नवऱ्याशेजारी येऊन बसली. "आज मीपण बघते. पहिल्यापासून लावा की."



"पहिल्यापासून कशाला? शेवटी ती मरते, तेवढंच बघतो मी."