रक्तात न सापडलेलं औषध

"पुंडलिकराव, तुम्हाला रिकामी नव्हे, खऱ्या औषधाची कॅप्सूल मिळत होती. मग ते औषध तुमच्या रक्तात का सापडत नाही?" डॉक्टर टेंबेंनी विचारलं. फॅटी लिव्हरवरच्या नव्या औषधाची, एका कृत्रिम मेदाम्लाची, वर्षभराची चाचणी नुकतीच संपली होती.

निवृत्त चित्रकला शिक्षक पुंडलिकरावांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे, कुमुदताईंकडे, पाहिलं.

"हिलाही तोच आजार. साखर जास्त म्हणून तुम्ही हिला चाचणीत घेतलं नाहीत. मी माझ्या सगळ्या कॅप्सूल हिला दिल्या. गुडघ्यांच्या आहेत म्हणून सांगितलं."

डॉक्टरांनी कुमुदताईंची लगेच तपासणी करवली. जुन्या रिपोर्टपेक्षा यकृतावरची चरबी निम्मी झाली होती.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," म्हणत त्यांनी पुंडलिकरावांचं नाव चाचणीच्या यादीतून खोडलं.

"यांना औषध कधी सुरू करताय?" कुमुदताईंनी विचारलं.

"आता नाही मिळणार. ते अजून बाजारात आलेलं नाही."

कुमुदताईंनी पर्समधून त्या 'गुडघ्यांच्या' कॅप्सूलचं पाकीट काढलं. त्यात चार कॅप्सूल उरल्या होत्या. त्यांनी एक सोडवून नवऱ्यापुढे धरली.

"चार दिवसांत काय फरक पडणार, बाई?" डॉक्टर म्हणाले.

"आ करा," कुमुदताई नवऱ्याला म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी आ केला. डॉक्टरांनी आपला पाण्याचा पेला पुढे सरकवला.