पारंपरिक

"लग्नाबिगर धवला गाऊ नको गो, देव चालत येतात नि मांडव सापडत नाय," सासूनं बजावलेलं रंभाच्या कानात अजून होतं. ती लग्नात धवले गाणारी धवलारीण. दहा वर्षांमागं लेखिकाबाई टेप घेऊन डोळखांबला आल्या, तेव्हा दारी मांडव नव्हता आणि पाहुणीला रिकामं धाडवेना. रंभा गायली. आज मुरबाडच्या संमेलनात बाईंचं पुस्तक निघालं. "यातला रंभाबाईंनी दिलेला धवला शेकडो वर्षांचा," बाई व्यासपीठावरून म्हणाल्या. टाळ्या पडल्या. नात हर्षालीनं पान काढलं, धवल्याखाली बोट ठेवलं. "आजे, इथं 'पारंपरिक' छापलंय." "म्हंजे कोनाचं गो?" "कोनाचंच नाय." रंभा पुस्तक उराशी धरून सहीच्या रांगेत शिरली. बाईंनी हसून पेन उघडलं. "रागवू नका बाई. मांडव नव्हता, म्हनून जुना धवला गायलाच नाय. हा तुमचा चहा उकळंस्तवर मीच जुळवलेला."