माहेरचं नाव

हौसेनं लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या जपायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, हे निरंजनचं ठरत नव्हतं. एक नुसता जुना कोड परत आणायचं. दुसरं त्यासोबत लिहिणाऱ्याचं त्या दिवशीचं मनही तासभर परत आणायचं.

दुसरं वापरून बघताना त्यानं लग्नाआधीचा कोड उघडला आणि दारात उभ्या बायकोकडे बघतच राहिला. "सुलू," तो हळूच म्हणाला, "किती छान दिसतेयस आज."

मैथिलीचा नुसता जळफळाट झाला. तिच्याशी तो असा कधी बोलायचा? सुलू हे तिचंच माहेरचं नाव होतं. लग्नात तांदळात अंगठीनं 'मैथिली' लिहून त्यानंच ते बदललं होतं.

तास सरल्यावर तो भानावर आला. "मैथिली, यातलं कुठलं ठेवू गं?"

"पहिलं," ती म्हणाली. "ती सटवी मला घरात नकोय."