चोवीस नंबरचा खाडा

"फला नाय आता," गिरजाबाई म्हणाल्या. "वालवी लागली. फेकला."

चंद्रशेखरचा चेहरा उतरला. त्या फळ्याच्या फोटोसाठी तर तो बेलापूरजवळच्या दिवाळे गावापर्यंत आला होता. निवृत्त झाल्यापासून तो बेलापूरच्या गेलेल्या हॉटेलांवर फेसबुकवर लिहायचा. उडप्याच्या हॉटेलातली लाकडी कॅश-पेटी, बसस्टॉपमागची मिसळ, सगळं लिहून झालं होतं. पण लोक दर वेळी खाली तेच विचारत. गिरजामावशींच्या खानावळीवर कधी लिहिताय? आणि इतकी जोरात चालणारी खानावळ त्यांनी एका दिवसात बंद का केली? कुणी म्हणे बिल्डरने जागा घेतली, कुणी म्हणे मुलांना लाज वाटायला लागली.

"पण बंद का केलीत, मावशी? खरं सांगा."

"गुडघं गेलं."

बत्तीस वर्षांपूर्वी गुडघे गेलेल्या मावशी जमिनीवर उकिडव्या बसून बोंबील साफ करत होत्या. चंद्रशेखरला हसू आलं.

"लोक अजून तुमच्या खाड्याची गोष्ट काढतात," तो म्हणाला.

त्या खानावळीची रीतच तशी होती. पडवीत फळा टांगलेला, त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एका मेंबरचा नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. जेवायला येणार नसलात तर आदल्या रात्री किंवा सकाळी बिल्ला उलटा करून लाल बाजू वर करायची. हा झाला खाडा. आणि खाडा न लावता जो आला नाही, त्याच्या खोलीवर मावशी स्वतः डबा घेऊन जायच्या. पोरगं आजारी तर नाही ना, हे बघायला. आईबापांपासून लांब, नव्या कोऱ्या बिल्डिंगींमध्ये एकटी राहणारी ती पोरं त्या डब्याच्या भरवशावर होती. 

आतून सून शर्मिला चहा घेऊन आली. "आई, फळा हाय की. माळ्यावर, तुमच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला."

"ऱ्हाव दे गो!"

पण शर्मिला उत्साहाने स्टुलावर चढलीसुद्धा. तिने लुगडं सोडलं आणि फळा चंद्रशेखरच्या मांडीवर ठेवला. मावशींचे हात बोंबलांवरच थांबले.

सगळे बिल्ले जागच्या जागी होते. काही पांढरे, काही लाल. आणि चोवीस नंबर लाल.

चोवीस म्हणजे धम्मपाल. चंद्रशेखरच्या शेजारच्या खोलीत राहायचा, परभणीकडचा. त्याला मासा खाता येत नव्हता. काटे काढायला चंद्रशेखरनेच शिकवलं होतं. चंद्रशेखर गौरी-गणपतीला गावी, खेडला गेला आणि इकडे धम्मपाल तापाने फणफणला. ऑफिसला सुट्ट्या, बिल्डिंग निम्मी रिकामी. चौथ्या दिवशी घरमालकाने दार फोडलं, तेव्हा सगळं संपलं होतं. चंद्रशेखर त्याच संध्याकाळी परत आला तर शेजारची खोली उघडी आणि खानावळीला कुलूप. ते कुलूप पुन्हा निघालं नाही. आपण इथे नव्हतो, आपल्या हातात काही नव्हतं. या एकाच समजुतीवर त्याने इतकी वर्षं काढली होती.

"हा त्या दिवसाचाच फळा आहे?" त्याने विचारलं.

मावशींनी बोंबलांचं ताट बाजूला सारलं.

"धम्मपालने खाडा लावला होता? अंगात ताप असताना तो इथपर्यंत चालत आला?"

"त्यानी नाय लावला," मावशी हळूच म्हणाल्या. "ठेव तो फला. च्या थंड व्हतंय."

पण चंद्रशेखरची नजर शेजारच्या खिळ्यावर गेली होती. तेवीस. त्याचा स्वतःचा नंबर. पांढरा.

पांढरा कसा? तो तर गावी होता. खाडा लावूनच गेला होता. पहाटेची एसटी, पाठीवर बॅग, हातात गौरीसाठी घेतलेली साडी, आणि लाइट गेलेले. पडवीत मिट्ट काळोख. त्याने खिळे चाचपले होते. एक बिल्ला उलटा केला आणि धावत सुटला होता. कुठला बिल्ला, ते बघितलं नव्हतं. तेवीस समजूनच केला होता.

त्याने फळा घाईने जवळ ओढला. बिल्ले एकमेकांवर वाजले.

"मावशी," त्याने विचारलं. "तुम्ही माझ्या खोलीवर आला होतात?"

"तीन दिस," मावशी म्हणाल्या. आता त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. "रोज डबा घेवून. तुज्या दाराला कुलूप. दुसऱ्या दिशी बाजूच्या खोलीत खोकला आयकला मी. पन त्याचा खाडा व्हता ना. मना वाटला, पावना आला आसंल, भायेर जेवत आसंल. दार नाय वाजवला."

 चंद्रशेखरने चोवीसच्या लाल बिल्ल्यावर अंगठा ठेवला. उलटा करावा की नाही, त्याला कळेना.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "तेव्हापासून. माहीत असून एवढी चाललेली खानावळ तुम्ही बंद केलीत? का?"

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले. फळा त्याच्या मांडीवरून उचलला आणि परत लुगड्यात गुंडाळू लागल्या.

"तू रोज माज्या समोर जेवाला बसला असतास, चंदू," त्या म्हणाल्या. "येक ना येक दिस माज्या तोंडून निंगाला असता."