अर्धं डुक्कर बाकी

स्तानोय्काआजीकडे डुक्कर कापायचा दिवस होता. बेलग्रेडचे प्रोफेसर वही घेऊन शेजारी बसले होते. डॉक्टरांसाठी अवयवांची सर्बियन नावं ठरवायची, तर गावचे शब्द हवेत, म्हणून आले होते. आजी एकेक अवयव उचलून नाव सांगत होती.

"आणि हा जठरामागचा, आजी?"

"याला आम्ही 'गुश्तेराचा' म्हणतो. कुत्र्याला टाकतो."

"डॉक्टरांच्या भाषेत याला पांक्रेआस म्हणतात."

आजीची सुरी थांबली.

"माझ्या नवऱ्याला, मिलुतिनला, तपासून डॉक्टर एवढंच म्हणाला होता, पांक्रेआस. मला वाटलं, औषध सांगितलं. तीन गावांतली दुकानं पालथी घातली मी. घरी आले, तोवर माणूस गेला होता."

प्रोफेसरांनी हळूच वही मिटली.

"मिटता काय? उघडा! अजून अर्धं डुक्कर बाकी आहे."